लाल पावलं

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सिंधुदुर्गातल्या परुळ्याजवळच्या आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. ओटीवर रातांब्यांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या पाट्या, पडवीत फोडलेल्या सालींचे ढीग, अंगणात ताडपत्रीवर वाळत घातलेली सोलं, आणि पाऊस कधी येतो या धाकाने सारख्या आभाळाकडे वळणाऱ्या माना. पोरं रातांबे फोडायला बसतात, रस कोपरापर्यंत ओघळतो, आणि मग ती तशीच घरभर हुंदडतात. त्या वर्षीही संध्याकाळपर्यंत पडवीपासून माजघरापर्यंत लादीवर लाल पावलंच पावलं झाली होती. लहान, मोठी, अर्धवट, नुसत्या टाचेची. मी बादलीत साबणाचं पाणी घेऊन पुसायला बसले. रातांब्याच्या रंगाची एक गंमत ज्यांनी ते हात धुतलेत त्यांना ठाऊक असते. साबण लागला की लाल रंग निळसर होतो, मग करडा पडतो, मग निघून जातो. एकेक पाऊल फडक्याखाली निळं होत होतं. स्वयंपाकघराच्या दारापाशी मात्र एक पाऊल काही केल्या निळं होईना.

ते लालच राहिलं.

मी पुन्हा घासलं. फडक्याला तपकिरी डाग आला आणि रातांब्याच्या आंबूस वासात दुसराच एक वास मिसळला, गंजक्या खिळ्यासारखा. पाऊल उजवं होतं, रुंद, मोठ्या माणसाचं. पुढे तसंच आणखी एक, मग आणखी एक, थेट चुलीपर्यंत. तिथे आत्या विळीवर नारळ खोवत बसली होती. ‘आत्या, पाय बघू तुझा,’ म्हटलं तर हसली. ‘काय गो, भिरंडांचो रंग तो.’ मी पाय उचलून मांडीवर घेतला. अंगठ्याच्या खालच्या उंचवट्यात कालवाच्या शिंपेचा नखाएवढा तुकडा रुतून बसला होता. भोवतीची कातडी पांढरी पडलेली, मधून रक्त झिरपत होतं. केव्हा लागलं म्हणून विचारलं तर तिने जरा आठवून पाहिलं. ‘सकाळी परड्यात गेल्लंय, तेव्हाच लागला असतला.’ घड्याळात साडेसहा वाजले होते. दिवसभर ती त्या शिंपेवर उभी राहिली होती, पाट्या उचलल्या होत्या, सगळ्यांना जेवायला वाढलं होतं. मी चिमट्याने तुकडा ओढून काढला तेव्हा माझाच श्वास अडकला. ती मात्र पायाकडे अशी बघत होती, जणू तो शेजारच्या कुणाचा तरी आहे. मग हळूच म्हणाली, ‘दुखाक होया होता, ना गो?’

तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. मी रत्नागिरीत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. निळं न झालेलं पाऊल कसं ओळखायचं ते मला कळतं. पण दुखायला हवं होतं ते दुखलं का नाही, याचं उत्तर मला तिला तिच्या भाषेत देता येईना. आत्याला शुगर निघून तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. पहिली दहा वर्षं तर आमच्या घरात तिला ‘आत्याची थोडी साखर’ एवढंच म्हणत. थोडी, म्हणजे दुखत नाही, खुपत नाही, कुणाला दिसत नाही. गोळी संपली की पुढच्या बाजारापर्यंत नसायची. चतुर्थीला मोदक व्हायचे, लग्नात जेवणं व्हायची, आणि ‘एक दिवसान काय होता?’ असं म्हणत एकेका दिवसाची दहा वर्षं झाली. त्यात मीही होते. ताटात तिसरा मोदक वाढणारे हात माझेच होते.

ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी जखम धुतल्यावर एक तपासणी केली, ती मी पहिल्यांदाच पाहिली. नायलॉनचा एक जाडसर धागा असतो. तो तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबला की नेमका दहा ग्रॅमचा दाब पडतो. डोळे मिटून ‘लागलं’ म्हणायचं. डॉक्टर अंगठ्याला, बोटांच्या मुळाशी, टाचेला धागा लावत होते आणि आत्या आज्ञाधारक मुलीसारखी डोळे मिटून वाट बघत होती. अजून लावलाच नाही असं तिला वाटत होतं. कानाकोपऱ्यातून फक्त फॅनचा आवाज. त्या दोन-तीन मिनिटांइतकी लांब शांतता मी दुसरी अनुभवलेली नाही.

नसा मरतात त्या बऱ्याच अंशी उपाशी राहून. नसेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या केसाहून बारीक असतात आणि आधी बिघडतात त्या याच. रक्तवाहिनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. शरीरातल्या पुष्कळ पेशी रक्तात साखर वाढली तरी आपल्या आत किती घ्यायची ते आवरू शकतात. या अस्तराच्या पेशींना ते जमत नाही. बाहेर जेवढी साखर, तेवढी आत. दाराला कडीच नाही. पेशीच्या भट्टीत एवढं जळण कोंबलं गेलं की ठिणग्या उडायला लागतात, आणि या ठिणग्यांतूनच पुढचा सगळा बिघाड कसा सुरू होतो ते मायकेल ब्राउनली या डॉक्टरांनी २००१ साली एका सूत्रात मांडलं. ठिणग्यांनी पेशीतला एक धोक्याचा खटका दाबला जातो, त्याचं नाव एनएफ-कप्पा-बी. हा खटका दाबला की एरवी गुळगुळीत असलेलं अस्तर चिकट होतं. रक्तातून वाहणाऱ्या पांढऱ्या पेशी त्याला डकतात, आत शिरतात, तिथे दाह माजवतात. होडी फार दिवस पाण्यात उभी राहिली की बुडाला शिंपले धरतात, तसं काहीसं. वाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड वायूही कमी पडायला लागतो. ज्यांनी या वायूचं काम उलगडलं त्या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं. त्या वर्षी मी ते वर्गात फळ्यावर लिहिलं होतं, आणि घरी आत्याच्या ताटात काय आहे ते पाहिलं नव्हतं.

साखर नुसती पेशीत शिरून थांबत नाही, ती प्रथिनांना चिकटते. घावन तव्यावर जरा जास्त राहिलं की कडा तांबूस होतात. साखर आणि प्रथिनं एकत्र तापल्यावर असा रंग का येतो ते लुई मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली दाखवलं. तीच गोष्ट आपल्या अंगात सावकाश, चुलीशिवाय, वर्षानुवर्षं होत असते. ज्याला आपण ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतो ती चाचणी तरी दुसरं काय मोजते? तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण १२० दिवस. तेवढ्या दिवसांत तिच्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, त्याचा हिशेब. आत्याचा हिशेब त्या दिवशी ९.८ आला.

एवढा का आला, ते नंतर उलगडलं. दादाने, म्हणजे तिच्या मुलाने, बाजारातून सप्तरंगीची पूड आणली होती. विकणाऱ्याने सांगितलं होतं, गोळ्या बंद करा, ही घ्या. दोन महिने ती फक्त पूडच घेत होती. मला संताप आला, आणि लगेच त्या संतापाची लाजही वाटली. कारण सप्तरंगी खोटी नाही. आमच्या जंगलातल्या या वेलीचं मूळ आडवं कापलं की आत कडी दिसतात, एकात एक. श्रीलंकेत तिच्याच कुळातल्या वेलीच्या लाकडाचे पेले करून त्यातलं पाणी पितात. जपानी संशोधकांनी १९९७ साली त्या वेलीतून सॅलासिनॉल नावाचं द्रव्य वेगळं काढलं. ते आतड्यात पिष्टाची साखर करणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला अडवतं, म्हणून जेवणानंतरची साखर हळू चढते. आपल्याकडे बिबळ्याच्या लाकडाचा पेला असतो, त्यात रात्री ठेवलेलं पाणी सकाळी तपकिरी होतं आणि उजेडात धरलं तर निळसर चमकतं. त्या झाडाची, म्हणजे विजयसाराची, आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने रुग्णांवर चाचणी घेतली आणि १९९८ मध्ये ती छापून आली. म्हणजे दादा ज्या दिशेला गेला ती दिशा चुकीची नव्हती. पण पुडीवर ना प्रमाण, ना तारीख, आणि आतलं मूळ सप्तरंगीचं की आणखी कशाचं, ते सांगणारं कुणी नाही. शिवाय मूळ खणलं की वेल गेली. आमच्या मागच्या डोंगरात मी लहानपणी बघितलेल्या सप्तरंगीच्या जाळ्या आता नाहीत.

आत्याला गोळ्यांवर परत आणणं सोपं नव्हतं. तिचं म्हणणं सरळ होतं, झाडपाला आपला, गोळी परकी. एका दुपारी सोलांना पुट देताना मी तिला तिच्या गोळीची, मेटफॉर्मिनची गोष्ट सांगितली. युरोपात ओलसर माळांवर जांभळट फुलांचं एक झुडूप उगवतं, गॅलेगा. तिकडच्या बायाबापड्या ते शतकानुशतकं औषधाला वापरत. चरणारी मेंढरं मात्र ते खाऊन मरत, इतकं ते जहाल. रसायनवाल्यांनी त्यातलं द्रव्य ओळखलं, त्याच्यासारखंच पण सौम्य द्रव्य १९२२ मध्ये तयार केलं, आणि पॅरिसच्या झाँ स्टर्न या डॉक्टरने १९५७ मध्ये ते मधुमेहींना देऊन पाहिलं. अमेरिकेत ते दुकानात यायला १९९५ उजाडलं. आत्या सालींवर मिठाचा रस शिंपडत ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, ‘मगे ही पण झाडाचीच गोळी?’ झाडाचीच, मी म्हटलं, पण त्र्याहत्तर वर्षं चाळून घेतलेली. जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांनी दुसरी गोळी सुरू केली, तिचंही मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत आहे. १८३५ साली त्या सालीतून फ्लोरिझिन निघालं, १८८६ मध्ये फॉन मेरिंग या जर्मन डॉक्टरने ते दिल्यावर लघवीतून साखर जाते हे पाहिलं, आणि त्यावरून बेतलेल्या गोळ्या आपल्या हाती आल्या त्या या शतकात. आत्या आता दोन्हींना ‘जांभळ्या फुलाची’ आणि ‘सालीची’ म्हणते. डॉक्टरांसमोरही.

पण त्या संध्याकाळपासून माझ्या डोक्यात भिणभिणत होता तो रातांबाच. लादीवर दोन लाल रंग शेजारी शेजारी होते. एकाने दुसऱ्यासाठी काही केलं असतं का? रातांब्याच्या सालीचा लाल रंग सायनिडिन-ग्लुकोसाइड आणि त्याच्या भावंडाचा. काळ्या तांदळातही तो आहे. काचेच्या बशीत रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी वाढवायच्या, त्यांना भडकवायचं आणि या रंगाचं द्रव्य घालून बघायचं, असे प्रयोग अनेक प्रयोगशाळांत झालेत. तो खटका कमी दाबला जातो, पेशी कमी चिकट होतात, पांढऱ्या पेशी कमी डकतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खिडकीशी गेले होते. आमच्या परड्यातलं झाड! पण पुढची पानंही वाचावी लागतात. बशीत घातलेलं प्रमाण रक्तात क्वचितच पोचतं. गिळलेल्या रंगातला थोडासाच जसाच्या तसा शोषला जातो, बाकीचा आतड्यातले जिवाणू फोडतात आणि त्याचे साधे तुकडे रक्तात येतात. काम करत असतील तर ते बहुधा हे तुकडे. त्यातून हा रंग उन्हाला आणि उष्णतेला भित्रा. लालभडक साल चार पुटं खाऊन काळी ठिक्कर सोलं होते तेव्हा आंबटपणा आत राहतो, रंगातला मोठा वाटा उडून गेलेला असतो.

आणि सरबत? आत्याच्या हातचं अमृत कोकम म्हणजे रातांब्याच्या अर्ध्या वाट्या साखरेने गच्च भरून बरणीत उन्हात ठेवलेल्या. साखर विरघळत विरघळत सगळा रंग ओढून घेते. उन्हाळ्यात दारी आलेल्या प्रत्येकाला तिने तो पेला दिलाय, आणि स्वतःही घेतलाय, ‘कोकम थंड असता’ म्हणून. रक्तवाहिनीला सावरू शकेल असं काही त्या पेल्यात असेलही, पण ते तिच्या अंगात जात होतं साखरेच्याच पाठीवर बसून. आगळात, म्हणजे रातांब्याच्या खारवलेल्या रसात साखर नाही, तर मीठ आहे, आणि तिला रक्तदाबही आहे. उरते ती ताज्या सालीची सोलकढी, मीठ बेताचं. नारळाचा रस पडला की लाल रंग गुलाबीवर येतो. माझ्या विषयातलं त्याहून सुंदर प्रात्यक्षिक मला कुठल्याही प्रयोगवहीत मिळालेलं नाही. आत्या ती आता रोज अर्धी वाटी पिते. औषध म्हणून नाही, जेवण म्हणून. हा फरक तिने स्वतःच केला.

हळदीचं मी थोडक्यात सांगते, कारण तिच्याबद्दल सगळेच सांगतात. हळदीतलं करक्युमिन बशीत तोच खटका अडवतं. थायलंडमध्ये २०१२ साली छापलेल्या एका चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २४० जणांपैकी निम्म्यांना ते नऊ महिने दिलं. त्यांच्यातल्या एकालाही मधुमेह झाला नाही, उरलेल्यांतल्या १६.४ टक्क्यांना झाला. आशा वाटावी असंच आहे हे. पण आपल्या आमटीतल्या हळदीत करक्युमिन असतं शेकडा तीनच्या आसपास, आणि ते रक्तात उतरायला फार नाखूष. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये त्याच्यासोबत मिऱ्यातलं पिपरिन दिलं तेव्हा शोषण वीस पटींनी वाढलं. याच गोष्टीचा धागा पकडून आता मिरे-हळदीच्या जहाल कॅप्सूल निघाल्यात, आणि त्यांनी यकृत सुजल्याचे रुग्णही नोंदले गेलेत. आमटीला कुणी घाबरू नये.

मला सगळ्यात जास्त हलवलं ते मात्र वेगळ्याच शोधाने. रक्तवाहिनीला आठवण असते. १९९७ मध्ये संपलेल्या ब्रिटनमधल्या मधुमेहाच्या मोठ्या अभ्यासातल्या रुग्णांना पुढे दहा वर्षं पाहिलं. सुरुवातीला ज्यांची साखर कडक आवरली होती आणि ज्यांची सैल सोडली होती, त्यांच्यातला साखरेचा फरक वर्षभरातच पुसून गेला होता. तरी दहा वर्षांनीही, २००८ मध्ये छापून आलेल्या निकालांत, सुरुवातीला आवरलेल्यांचे हृदयविकार आणि मृत्यू कमी होते. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगशाळेने दाखवलं की अस्तराच्या पेशींना फक्त सोळा तास जास्त साखरेत ठेवलं आणि मग साधी साखर दिली, तरी त्या खटक्याच्या जनुकावरच्या खुणा पुढे सहा दिवस तशाच राहिल्या. सोळा तास! म्हणजे ‘एक दिवसान काय होता’ याचं उत्तर कुणीतरी मोजून ठेवलं होतं. आणि अशा खुणा उमटवणाऱ्या विकरांपैकी काहींना आवरणारं एक द्रव्य, गार्सिनॉल, बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये दाखवलं ते आमच्या रातांब्याच्याच सालीतलं. ते काम पेशींवरचं आहे, माणसांवरचं नाही. हे मला नीट कळतं. तरीही आठवण देणारी साखर आणि आठवण आवरू बघणारी साल एकाच पडवीत मांडलेली मला दिसतात, आणि मग मी पुढचं वाचू शकत नाही. ज्या दहा वर्षांना आम्ही ‘थोडी साखर’ म्हटलं ती दहा वर्षं आत्याच्या तळव्यात लिहिली गेली होती. माझ्या तिसऱ्या मोदकासकट.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीत देशात मधुमेह असलेल्यांचा अंदाज दहा कोटींहून वर आहे, आणि सगळ्या राज्यांत वरचा आकडा आमच्या शेजारच्या गोव्याचा, २६.४ टक्के. खाडीच्या अलीकडे काय फार वेगळं असेल? दर घरात एखादी तरी आत्या, आणि दर अंगणात अनवाणी चालण्याची सवय. आमच्याकडे परड्यात चप्पल घालून जाणं म्हणजे जमिनीचा मान न ठेवणं. तिच्या टाचांच्या भेगांना ती आयुष्यभर मुठेल चोळत आली. रातांब्याच्या बिया कुटून, उकळून, वर आलेल्या तेलाचा मुठीत वळलेला तो पांढरा गोळा. अंगाच्या ऊबेने तो जेमतेम वितळतो. हल्ली तो मी चोळते, कारण तो वितळला की नाही हे तिला पायाने कळत नाही, माझ्या तळहाताला कळतं.

जखम भरायला साडेतीन महिने लागले. गणपतीला ती खुर्चीवर बसूनच आरतीला होती. दादाने मालवणहून मऊ तळव्याच्या चपला आणल्या, परड्यासाठी एक जोड आणि घरातल्यासाठी एक. पहिल्या दिवशी तिने त्या उंबऱ्याबाहेर काढून ठेवल्या आणि अनवाणीच तुळशीला पाणी घातलं. दादा काही बोलला नाही. चपला उचलून त्याने तुळशीजवळ नेऊन ठेवल्या. रात्री झोपण्याआधी ती हातआरसा जमिनीवर ठेवून त्यावर पाऊल धरते आणि चष्मा लावून तळवा न्याहाळते. पूर्वी या आरशात ती कुंकू लावताना बघायची.

यंदाच्या मेमध्ये पुन्हा रातांबे झाले, झाड लवून गेलं होतं. पावसाचं आभाळ आलं म्हणून सगळे सोलं उचलायला अंगणात धावले, आणि त्या धांदलीत तीही धावली, एक चप्पल कुठेतरी मागे राहिली. परत आली तेव्हा उजवं पाऊल घोट्यापर्यंत लाल. ती पडवीच्या पायरीवर बसली, मी न सांगताच तिने पाय पुढे केला आणि म्हणाली, ‘बघ गो.’ बाहेर टपोरे थेंब पत्र्यावर वाजायला लागले होते. पोरं ताडपत्री ओढत ओरडत होती. मी तांब्याभर पाणी ओतलं. हातात साबण घेतला, अंगठ्याच्या खालच्या उंचवट्यावर, जुन्या व्रणावर, बोटांच्या बेचक्यांतून फिरवला. दोघीही वाकून बघत राहिलो.

पाऊल निळं झालं.